घरी लाईट आहे ना?

मी एकदा एका मुलीला अशी गाडी विकली, जिचं रोज रात्रीचं जेवण चौथ्या मजल्यावरून खाली यायचं. गाडीचं म्हणतेय मी. मुलगी तर तिथे राहतच होती.

ही चूक केली तेव्हा मी तरुण होते. अठ्ठावन्न वर्षांची. त्या वयात आपल्याला सगळं कळतं असं वाटत असतं. आता नातवंडांची आजी होऊन बसल्यावर त्या पोरीची, म्हणजे माझीच, मला दया येते. केस काळेभोर करायची, शोरूमचा निळा कोट चढवायची आणि गिऱ्हाईक दारातून आत येतं न येतं तोच त्याच्या चपलांकडे बघून मनात ठरवायची, 'याला शंभर सीसी.' ज्योतिषीसुद्धा निदान हात तरी बघतो.

आमचं दुचाकींचं शोरूम उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. शेठ सिंधी. मी तिथे आधी बरीच वर्षं पासिंगची कामं केली. पासिंग म्हणजे नव्या गाडीची आरटीओत नोंद करून तिला नंबर मिळवून देणं. मग सेल्सची पोरं टिकेनात म्हणून शेठनी मला पुढच्या काउंटरवर बसवलं. म्हणाले, "मॅडम, आप बोलते हो तो कस्टमर डर के बैठा रहता है. वही चाहिए." कार्डावर छापलं, 'सेल्स कन्सल्टंट'.

एक गोष्ट कार्डावर छापली नव्हती. मला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा नाही. मी अंबरनाथ पूर्वेहून शेअर रिक्षाने यायची आणि दिवसभर लोकांना पिकअप आणि सस्पेन्शन समजावून सांगायची. कोणी टेस्ट राइड मागितली की चावी देऊन म्हणायची, "तुम्हीच घ्या फील." गिऱ्हाइकाला वाटे, बाईंचा माझ्यावर विश्वास आहे.

तेव्हा इलेक्ट्रिक स्कूटर नव्याने आल्या होत्या. कंपनीने स्कीम काढली: ज्या काउंटरवरून सगळ्यात जास्त इलेक्ट्रिक जातील, त्याला गोव्याची ट्रिप, दोघांची. मी गोवा पाहिला नव्हता. मार्केटमधून एक मोठ्या काठाची टोपीही घेऊन ठेवली. त्या दिवसापासून मला प्रत्येक गिऱ्हाईक इलेक्ट्रिकचंच दिसायला लागलं.

अशात वैशाली आली. सोबत तिची आई.

वैशाली बदलापूरच्या सोनिवलीला राहायची. चोविशीची, बारीक चणीची, पाठीवर सॅक. अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती, कॉन्ट्रॅक्टवर. तिने कामाचं तेवढंच सांगितलं.

"मॅडम, पहिली पाळी असते. सकाळी सोनिवलीची शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही. चौथा माणूस येईपर्यंत मी बसून असते. तीन लेट मार्क झालेत. पर्मनंट करायच्या मुलींमध्ये माझं नाव गेलंय वर. सुपरवायझर म्हणाल्या, आता पुन्हा लेट झालीस तर नाव खाली येईल."

"म्हणजे गाडी हवी ती फक्त कामावर जायला?"

"हो. वेळेवर पोचवणारी. आणि परवडणारी."

"डिकीत कुकर मावतो का?" आईने विचारलं.

"कुकर कशाला?"

"विचारलं आपलं. एवढी गाडी घ्यायची तर कुकर मावला पाहिजे."

मी मायलेकींना थेट इलेक्ट्रिकपाशी नेलं. पेट्रोल नाही, ऑइल नाही, आवाज नाही. किक नाही की चोक नाही. रात्री प्लग लावायचा, सकाळी निघायचं. मोबाइलसारखी. वैशाली सीटवर बसली, तिचे दोन्ही पाय नीट टेकले. आईने डिकी उघडून आत हात घातला, वीत फिरवली आणि म्हणाली, "तीन लिटरचा मावेल."

मग मी ट्रेनिंगमध्ये शिकवलेला प्रश्न विचारला. चार्जिंगची सोय विचारायची असते. आपल्याकडे विजेला सगळे लाईटच म्हणतात, म्हणून मीही तसंच विचारलं.

"घरी लाईट आहे ना?"

"आहे की," वैशाली म्हणाली.

"जाते का?"

"थोडी जाते. येते परत."

झालं. माझी चौकशी संपली. ती अठ्ठावन्न वर्षांची पोरगी मनातल्या मनात टोपी घालून समुद्रावर उभी होती.

डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमचं ताट आलं, त्यात लिंबू, नारळ, कुंकू. वैशालीची आई म्हणाली, "आमच्यात लिंबू नाही ठेवत चाकाखाली." मी म्हटलं, "आमच्यातही नाही. पेढे तेवढे घ्या." आम्ही ताट बाजूला सारलं, पेढा तोंडात टाकला आणि मायलेकी गाडीवरून गेल्या. आवाज नाही की धूर नाही. मी शेठना म्हटलं, "बघा, कशी गेली." शेठ म्हणाले, "गई की नहीं गई, पता ही नहीं चलता." शेठना ती गाडी कधीच आवडली नव्हती. आवाज नसलेल्या वस्तूचे पैसे कसे मागायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

पुढल्या आठवड्यात शोरूमच्या लँडलाइनवर फोन. मोठ्या आवाजात एक गृहस्थ.

"तुमच्याकडून गाडी घेतलीय ना आमच्या बिल्डिंगमधल्या मुलीने? मी चेअरमन बोलतोय सोसायटीचा. तुम्ही येऊन बघा जरा काय चाललंय ते."

गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तक्रार बघणं याला आमच्यात 'व्हिजिट' म्हणतात. एरवी व्हिजिटला मेकॅनिक जातो. पण त्याला वेळ नव्हता आणि मला उत्सुकता होती. मी गेले.

बिल्डिंग तळ अधिक चार, लिफ्ट नाही. वैशालीचा फ्लॅट चौथ्यावर. तिच्या किचनच्या खिडकीतून एक वायर निघाली होती. तिला दुसरी जोडलेली, दुसरीला तिसरी, सांध्यांना इन्सुलेशन टेपचे बोळे. ही वायर पाण्याच्या पाइपाला सुतळीने बांधत बांधत खाली पार्किंगमध्ये उतरली होती आणि टोकाला माझी गाडी दूध पीत उभी होती. दुसऱ्या मजल्यावर, जिथे वायर जरा सैल लोंबत होती, तिथे कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता. चिमट्यासकट.

चेअरमन खालीच उभे होते. रिटायर्ड माणूस, कोकणातले, लुंगीवर शर्ट इस्त्रीचा.

"हे बघा," ते म्हणाले. "उद्या पाऊस आला म्हणजे? टॉवेलवाल्या वहिनी चिकटल्या तर मी काय सांगू त्यांच्या मिस्टरांना?"

"काका, पार्किंगमध्ये एक पॉइंट द्या ना तिला. वेगळा मीटर बसवून घेऊ."

"मॅडम, पार्किंगमधला दिवा सोसायटीच्या मीटरवर आहे. तो बल्ब बदलायचा तरी जनरल बॉडीत ठराव लागतो. आज हिला पॉइंट दिला की उद्या तळमजल्यावाला म्हणेल, माझा फ्रिज बाहेर ठेवतो."

"मग ठेवा ठराव."

"ठेवतो की. जनरल बॉडी झाली गेल्याच महिन्यात. आता पुढल्या वर्षी."

वैशाली जिन्यात उभी राहून ऐकत होती. मी तिला म्हटलं, "बॅटरी काढून वर नेता येते का बघू." आणि म्हणता म्हणताच मला आठवलं. इलेक्ट्रिकमध्ये दोन जाती असतात. एकीची बॅटरी डब्यासारखी बाहेर निघते, घरात नेऊन चार्ज करता येते. दुसरीची पाय ठेवायच्या पत्र्याखाली कायमची बसवलेली असते. मी विकली ती दुसरी. पहिली आमच्याकडे होती. पण स्कीम दुसरीवर होती.

मी तसंच हसून म्हटलं, "बघते काहीतरी." सेल्समध्ये 'बघते' याचा अर्थ काय असतो ते वाचकांना सांगायला नको.

वायर काढावी लागली. मग वैशालीने कंपनीत विचारलं. गेटवरच्या सिक्युरिटीने सांगितलं, आत केमिकल आहे, बॅटरीबिटरी काही लावायची नाही. मग एमआयडीसीच्या नाक्यावर एका चहावाल्याने दोन दिवस प्लग दिला. तिसऱ्या दिवशी त्याचा फ्यूज उडाला आणि त्याने हात जोडले. मग तिची आई रोज रात्री गाडी घेऊन, म्हणजे ढकलत, पलीकडच्या चाळीत तिच्या ओळखीच्या बाईच्या ओट्यापाशी न्यायला लागली. तिथे प्लग होता. एका रात्री तिथली लाईट गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही. सकाळी गाडी जवळजवळ उपाशीच निघाली. बदलापूरचा पूल कसाबसा चढली, कात्रप गेलं, आणि पुढे हायवेवर मुक्याने थांबली. वैशालीने ती एमआयडीसीच्या गेटपर्यंत ढकलत नेली. पोचली तेव्हा गेट लागलं होतं.

हे मला कळलं कारण त्याच दिवशी पाळी संपल्यावर ती शोरूमला आली. कंपनीचा आकाशी युनिफॉर्म तसाच अंगावर, बुटांना चिखल. मी तयारीत बसले. भांडायला येणारं गिऱ्हाईक मला आवडतं; त्याला उत्तर देता येतं. ती भांडली नाही. समोरच्या खुर्चीत बसली.

"आत घेतलं का?" मी विचारलं.

"घेतलं. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, हे शेवटचं. वरची लिस्ट अजून फायनल नाही झाली म्हणून." मग म्हणाली, "काकू, तुम्ही मला विचारलंत, घरी लाईट आहे का. मी हो म्हटलं. मी खोटं नाही बोलले. पण माझ्या लक्षातच आलं नाही की गाडी खाली राहणार."

आतापर्यंत ती मला मॅडम म्हणत होती. त्या दिवशी काकू म्हणाली आणि चूक स्वतःच्या अंगावर घेतली. माझ्या टोपीची तिला काय कल्पना! मला कोणी चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी उठून शेठच्या केबिनमध्ये गेले.

"शेठ, ती सोनिवलीची इलेक्ट्रिक परत घ्यायची. तिला पेट्रोलची द्यायची."

शेठ जेवणानंतरची बडीशेप चावत होते. "मॅडम, पासिंग झालेली गाडी आहे. नंबर पडला. आता ती सेकंडहॅन्ड. मैं वापस लूं तो किसको बेचूं?"

"चूक माझी आहे. मी चार्जिंगचं नीट विचारलं नाही."

"आपने पूछा ना, घर में लाईट है क्या?"

"घरात आहे. गाडी घरात नाही राहत."

"तो?" शेठनी बडीशेपेचा डबा माझ्यापुढे सरकवला. "साईं, गाडी ज्याच्या घराखाली राहील, त्याला द्या. चौथे माले को मत बेचो. तळमजला पकडो."

त्यांनी ते सहज म्हटलं. मी मात्र उभीच राहिले. अंबरनाथ पूर्वेत माझं घर तळमजल्यावर. खिडकीच्या आत प्लग, खिडकीच्या बाहेर मोकळी जागा. तिथे आमची तुळस आणि एक मोडकी खुर्ची. घर ते शोरूम इतकं जवळ की एका चार्जमध्ये तीन-चार दिवस निघावेत. अख्ख्या दुकानात त्या गाडीला शोभेल असं एकच गिऱ्हाईक होतं आणि ते तिथेच पगारावर काम करत होतं.

"मी घेते," मी म्हटलं.

"आप?" शेठची बडीशेप अडकली. "आपको तो चलानी नहीं आती!"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पूरे कॅम्प पाच को पता है, मॅडम."

मला वाटत होतं ते माझं गुपित आहे.

तर असं ठरलं. गाडी मी माझ्या नावावर ट्रान्सफर करून घ्यायची, तिची रक्कम माझ्या पगारातून हप्त्याने कापायची, आणि वैशालीला त्याच रकमेत बसणारी पेट्रोलची गाडी द्यायची. शेठचं काहीच गेलं नाही. उलट त्या महिन्यात एक गाडी जास्त खपली. शेठ व्हायला हेच डोकं लागतं.

आता दुसरी गाडी निवडायची होती आणि तिथे चुकायला जागा नव्हती. मी वैशालीला म्हटलं, "उद्या मी सोनिवलीला येते. डेमो गाडी आणायला सांगते. तू चालव, मी मागे बसते. कामावर जातेस तशी जा."

"तुम्ही कशाला, काकू?"

"मला बघू दे तू जातेस कशी."

पहाटे निघालो. शोरूममध्ये इतकी वर्षं बसून जे कळलं नाही ते मागच्या सीटवर कळलं. पहिलं म्हणजे निघताना तिच्या आईने एक भली मोठी कापडी पिशवी गाडीवर ठेवली. आत आठ डबे. आई वैशालीच्या कंपनीतल्या मुलींना जेवणाचे डबे देते, हे त्या दोघींना सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. म्हणून कुकर! म्हणजे पाय ठेवायची जागा सपाट हवी आणि पिशवी अडकवायला हूक हवा. मोटरसायकल बाद. ती कितीही ॲव्हरेज देवो. ॲव्हरेज म्हणजे एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते. आपल्याकडे गाडीबद्दल लोक बहुतेक एवढंच विचारतात.

दुसरं, कंपनीबाहेरचं पार्किंग. उतार आणि खडी. साइड स्टँडवर गाडी तिथे उभी राहत नाही, डबल स्टँड ओढावा लागतो. वैशालीचं वजन गाडीच्या निम्म्याहूनही कमी. डेमो गाडी ओढताना तिचा चेहरा लाल झाला. म्हणजे वजनाने हलकी हवी. कागदावर याला 'कर्ब वेट' म्हणतात, म्हणजे टाकी भरलेली आणि माणूस न बसलेल्या गाडीचं वजन. इतकी वर्षं मी तो आकडा वाचून दाखवत होते. उचलून कधी पाहिला नव्हता.

तिसरं खड्डे. ते मी मोजले नाहीत, पण माझ्या कमरेने मोजले.

शोरूमला परत येऊन मी तिच्यापुढे सगळ्यात हलकी, साधी, एकशे दहा सीसीची स्कूटर ठेवली. बेस मॉडेल. रंग राखाडी, कारण तोच होता.

"हिला अलॉय व्हील नाहीत?" वैशाली म्हणाली.

"नाहीत. पत्र्याची रिम आहे. खड्ड्यात वाकली तर ठोकून सरळ करतात. अलॉय तडकलं तर नवीन घ्यावं लागतं."

"मोबाइलला जोडते का? माझ्या मैत्रिणीची जोडते. स्क्रीनवर फोन दिसतो."

"तुला गाडीवर सुपरवायझरचा फोन बघायचाय?"

"नको!"

"मग झालं."

तिची आई पुढे झाली, डिकी उघडली, वीत घातली. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या.

"दोन लिटरचाच मावेल," आई म्हणाली. "पण चालेल. गाडी कामाला जायला आहे, स्वयंपाकाला नाही."

पेट्रोल ती कुठे भरेल, गाडी रात्री कुठे उभी राहील, शेजारी कोणाची असेल, हे मी त्या वेळी सगळं विचारलं. इतकं विचारलं की वैशाली म्हणाली, "काकू, लग्नाला बघायला आलेल्यांनीसुद्धा इतकं नाही विचारलं."

गाडी गेली. या वेळी आवाज करत गेली. शेठ बाहेर येऊन बघत राहिले, समाधानाने.

इलेक्ट्रिकची चावी माझ्या हातात आली आणि माझी पंचाईत सुरू झाली. शिकवायला कोण? वैशाली म्हणाली, "मी शिकवते." दर रविवारी ती सोनिवलीहून यायची. एमआयडीसीचे रस्ते रविवारी ओस असतात, तिथे मला न्यायची. मी दोन्ही पाय जमिनीवरून फरफटत जायची, होडी वल्हवल्यासारखी. कुत्रीसुद्धा माझ्या मागे लागायची नाहीत. बाजूने चालत यायची. ओरडण्यात ती पोरगी मात्र कडक. "काकू, ब्रेक म्हणजे ब्रेक! दोन्ही बोटं काय लाजतायत?" गोव्याची ट्रिप आमच्याच काउंटरला लागली, पण गेले शेठ आणि शेठाणी. टोपी माझी नेली. फोटोत बरी दिसत होती.

लिस्ट फायनल झाली तेव्हा वैशालीचं नाव तिच्यात होतं. नवी गाडी आल्यापासून ती एकदाही लेट झाली नव्हती. रिक्षाचा चौथा माणूस आता तिच्याविना येतो की नाही, माहीत नाही.

त्यानंतर काउंटरवर असेपर्यंत मी इलेक्ट्रिक पुष्कळ विकल्या. चांगली गाडी आहे, मी अजून तीच चालवते. पण 'घरी लाईट आहे ना' हा प्रश्न मी कायमचा बंद केला. त्याऐवजी विचारायची, "गाडी रात्री झोपणार कुठे?" गिऱ्हाईक आधी गोंधळायचं, मग खरं बोलायचं. कामाला जायची गाडी घेताना लोक ती धावेल किती ते बघतात. ती दिवसातून तास-दोन तास धावते. बाकीचा वेळ उभी असते. उभी कुठे राहणार ते आधी बघावं.

वैशाली पर्मनंटचं लेटर मिळाल्यावर पेढे घेऊन शोरूमला आली होती. संध्याकाळ झाली होती, मीही निघतच होते. म्हटलं, बघ आता तुझी विद्यार्थिनी. ऐटीत सीटवर बसले, हेल्मेट आरशाला अडकवलं, दोन्ही पाय वर घेतले आणि शेठसकट सगळ्या स्टाफसमोर गाडी सरळ फाटकापर्यंत नेली. मागून टाळ्या ऐकू येतील म्हणून जरा थांबले. टाळ्या नाही आल्या. वैशाली धावत आली, हेल्मेट आरशावरून काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली,

"काकू, गाडी मला बदलून मिळाली. तुम्ही बदलून मिळणार नाही. घाला हे डोक्यात."